‘संशोधनाने सिद्ध’ : विश्वास कितपत ठेवावा?

प्रश्न : कंपनीच्याच पैशातून झालेल्या संशोधनावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : डोळे झाकून ठेवू नका, सरसकट खोटेही मानू नका. अमेरिकेतील साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांकडून ६,५०० डॉलर देऊन एक आढावा लिहून घेतला. १९६७ मध्ये तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. हृदयविकाराचे खापर स्निग्ध पदार्थांवर फुटले, साखर नामानिराळी राहिली. पैसे कुणाचे, याचा उल्लेखच नव्हता. जुन्या पत्रव्यवहारातून हे उघड व्हायला २०१६ उजाडले.

म्हणून शोधनिबंधात अर्थसाह्य आणि हितसंबंधांची नोंद आधी वाचा. कंपनीशी संबंध नसलेल्या संशोधकांनाही तोच निष्कर्ष मिळाला आहे का, ते पाहा. मिळाला असेल, तर विश्वास ठेवायला हरकत नाही.