उरलेल्या घासांचा हिशेब

बावन्नाव्या वर्षी माझं वजन ७८ किलो होतं, उंची पाच फूट एक इंच. उपाशीपोटीची साखर ११८ आली, तेव्हा डॉक्टरांनी टेप काढून कंबर मोजायला सांगितली. ९६ सेंटिमीटर भरली. आपल्याकडच्या बाईची ८०च्या आत हवी, म्हणाले. त्यानंतर चौदा महिन्यांत नऊ किलो उतरले. कशामुळे, ते सांगते.

१. उरलेलं संपवणं सोडलं. माझं वजन मुख्यतः यानेच वाढलं होतं. सगळ्यांची जेवणं उरकली की वाटीभर भात, अर्धी पोळी, तळाची आमटी राहायची. अन्न टाकायचं नाही ही आईची शिकवण, ती मला आजही मान्य आहे. म्हणून पोट भरलेलं असतानाही मी ते खात होते, तीस वर्षं, रोज. आमच्या आळीतल्या बहुतेक बायका हेच करतात. एका रात्री सून म्हणाली, "आई, ठेवा ते, मी सकाळी डब्यात नेते." तेव्हापासून उरलेल्याचा सकाळी फोडणीचा भात होतो आणि तो सगळ्यांच्या वाट्याला येतो. कणीकही आता माणसं विचारून भिजवते.

२. तेल मोजलं. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपायचा. डॉक्टरांनी माणशी अर्धा लिटर सांगितलं. एक ग्रॅम पिठात किंवा साखरेत ४ कॅलरी, तेलात ९. आता एक तारखेला दोन लिटर वेगळं काढते. फोडणीला पळी नाही, चमचा. मोहरी नीट तडतडली, की एवढ्या तेलातही भाजी खमंग होते.

३. चहा. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे जवळजवळ ५० ग्रॅम. आता दोन कप, अर्धा चमचा. पंधरा दिवस जड गेले.

४. उपवास सोडले नाहीत, फराळ बदलला. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, दाण्याचं कूट, तूप. चतुर्थीला मी एरवीपेक्षा जास्तच खात होते. आता राजगिऱ्याची भाकरी, काकडी, ताक. देवाच्या नावाने धरलेला दिवस आता खरोखर हलका जातो.

५. पर्वतीच्या १०३ पायऱ्या. पहिला महिना निम्म्यातून परतले, गुडघे ऐकत नव्हते. नुसत्या चालण्याने काटा फारसा हलत नाही, हे आधीच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण साखर खाली आली, झोप लागू लागली. पुढे ७२ वर वजन चार महिने अडून बसलं. रडू यायचं. त्याच काळात कंबर मात्र तीन सेंटिमीटरने उतरली. टेप नसती तर मी तेव्हाच सगळं सोडलं असतं. त्या दिवसांत रोज एका जेवणात मटकी किंवा मुगाची उसळ ठेवली. वजन उतरताना स्नायूही झिजतात, म्हणून.

६. शेवटी जेवणं बंद केलं. पूर्वी सगळ्यांना वाढून दहाला बसायचे, दमलेली, मग भराभर दोन घास जास्त जायचे. आता आठला पातेली मधे ठेवून चौघंही एकदम बसतो. भाकऱ्या आळीपाळीने भाजतो. परवा यांनी तव्यावरून उतरवून पहिली भाकरी माझ्या ताटात ठेवली, चांगली टम्म फुगलेली.