बासरी घ्यायची, पण कोणत्या पट्टीची?

मुलाला बासरी शिकायची असते, पालक दुकानात जातात आणि म्हणतात, "एक चांगली बासरी द्या." दुकानदार विचारतो, "कोणती पट्टी?" इथेच गाडी अडते. मग दिसायला छान, लांबलचक बासरी घरी येते. मुलाची बोटं भोकांवर नीट बसत नाहीत, नुसती हवा जाते, आणि आठ दिवसांत मूल म्हणतं, मला जमत नाही. मुलाचं काहीच चुकलेलं नसतं. बासरीच मोठी असते.

पट्टी म्हणजे सा कुठे धरला ते. पेटीवर आपण पांढरी एक, काळी एक, हवा तिथे सा धरतो. बासरीचं तसं नाही. सहा भोकांच्या बासरीत वरची तीन बंद करून फुंकलं की येणारा सूर म्हणजे तिचा सा, आणि तो बनवतानाच ठरतो. नळी जितकी लांब तितका सूर खाली आणि भोकंही लांब-लांब.

म्हणून चौथी-पाचवीच्या मुलाला पांढरी पाचची, फूट-सव्वा फुटाची बासरी घ्या. मोठ्या माणसाने शिकायला पांढरी एक, मीडियम घ्यावी. ती दीड फुटाच्या थोडी पुढे भरते. मैफलीत दिसणारी पांढरी तीनची बेस बासरी जवळपास अडीच फुटांची असते. पन्नालाल घोष (1911–1960) यांनी लांब बासरी रागसंगीतात आणली. तो गंभीर आवाज ऐकून मोह होतो, पण पहिली बासरी म्हणून ती नकोच.

आता पैसे वाचवणारी गोष्ट. एका बासरीवर दोन पट्ट्या सहज वाजतात. पांढरी पाचच्या बासरीची सहाही भोकं बंद केली की तिचा पंचम येतो, म्हणजे पांढरी दोन. त्यालाच सा माना. शाळेतली साधी गाणी अशी वाजवायला सोपी जातात, कारण शुद्ध मध्यमासाठी अर्धं भोक दाबावं लागत नाही. अडचण एवढीच, की त्या साच्या खाली जाता येत नाही आणि सहा भोकं घट्ट झाकायला सवय लागते. आयर्लंडमधले लोक त्यांची टिन व्हिसल अशीच वाजवतात. तिथे पहिली व्हिसल 'डी'ची घेतात, कारण तिथल्या बऱ्याच धून डी आणि जी या दोन पट्ट्यांत असतात. डी म्हणजे आपली पांढरी दोन, जी म्हणजे पांढरी पाच. म्हणजे त्यांची डी व्हिसल आणि आपली पांढरी पाचची बासरी सुराने एकच!

दुसरी बासरी कधी घ्यावी? कुणाच्या तरी गाण्याला साथ करायची ठरली की. पुरुष साधारण काळी एक-काळी दोनमध्ये गातात, बायका काळी चार-काळी पाचमध्ये. गाणाऱ्याची पट्टी पेटीवर शोधा, मगच खरेदी. शाळेत मात्र उलट करावं असं मला वाटतं. बाई प्रार्थना काळी चारमध्ये घेत असतील आणि मुलांकडे पांढरी पाच असेल, तर बाईंनीच अर्धा सूर खाली यावं. दहा बासऱ्या बदलण्यापेक्षा ते सोपं.

घेताना मोबाईलवर ट्यूनर ॲप उघडा. पट्टीचं नाव कुणी सावरून देतात, कुणी सगळी भोकं बंद करून येणाऱ्या सुरावरून. वरची तीन भोकं बंद करून जरा वेळ फुंका, कारण श्वासाने नळी गरम झाली की सूर किंचित चढतो. पांढरी पाच असेल तर ॲपवर 'जी' दिसायला हवं. आणि भोकं मोजा. फुंकायचं सोडून आठ असली तर ती कर्नाटकी पद्धतीची, तिचा सा वरची दोन बंद केल्यावर येतो.