दोन ‘वेल्हा’, दोन गावं

प्रश्न : गोव्यात एक ‘वेल्हा गोवा’ आणि एक ‘गोवा वेल्हा’. पोर्तुगीजमध्ये ‘वेल्हा’ म्हणजे जुना, इंग्रजीत ‘ओल्ड’. मग ही एकाच गावाची उलटसुलट नावं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : इंग्रजीत दोन्हींचं ‘ओल्ड गोवा’च होईल, पण गावं वेगळी. बॉम जीझसचं चर्च आहे ते मांडवीकाठचं वेल्हा गोवा, आपलं जुनं गोवं. गोवा वेल्हा लागतं पणजीहून मडगावला जाताना, आगशीच्या अलीकडे.

आधी शब्द पाहू. मूळ विशेषण ‘वेल्यु’, त्याचं स्त्रीलिंगी रूप ‘वेल्या’. आपल्या तोंडी त्याचं ‘वेल्हा’ झालं. पोर्तुगीजमध्ये गोवा स्त्रीलिंगी, म्हणून ‘वेल्या’. जुना-जुनी-जुने म्हणणाऱ्या आपल्याला यात नवल नाही. इंग्रजी भाषकाला मात्र हे घोकावं लागतं.

खरी गंमत जागेची. इंग्रजीतला ‘ओल्ड फ्रेंड’ जुना की म्हातारा, हे संदर्भावरून ताडायचं. मराठीत त्यासाठी शब्दच दोन. पोर्तुगीजमध्ये शब्द एक, जागा दोन : ‘वेल्यु अमीगु’ म्हणजे जुना दोस्त, ‘अमीगु वेल्यु’ म्हणजे वयाने म्हातारा. तरी कुणा आजोबांना तोंडावर ‘वेल्यु’ म्हणू नये, उद्धटपणा वाटतो. त्यांच्यासाठी ‘इदोझु’ हा अदबीचा शब्द आहे.

गावांच्या नावांना मात्र हा नियम लावू नका. तिथे इतिहास बोलतो. अकराव्या शतकात कदंबांची राजधानी गोपकपट्टण जुवारीच्या बाजूला होती. पुढे बंदर मांडवीकाठी एळ्याला सरकलं आणि 1510 मध्ये पोर्तुगीजांनी जिंकलं ते हेच शहर. त्यांच्या लेखी गोवा म्हणजे हे. आधीचं ते ‘गोवा आ वेल्या’, जणू ‘गोवा, ती आधीची’. 1843 मध्ये पणजी ‘नोवा गोवा’ म्हणून राजधानी झाली, तेव्हा मांडवीकाठचं शहरही जुनं ठरलं. ‘गोवा वेल्हा’ हे नाव आधीच दिलेलं, म्हणून हे ‘वेल्हा गोवा’.

पोर्तुगीजमध्ये थोरल्या भावालाही ‘अधिक वेल्यु’ असंच म्हणतात. कोकणी माणसाने नेमका हाच अर्थ उचलला. गोवा वेल्ह्याला तो म्हणतो ‘थोरलें गोंय’!