माळा रिकामा झाला, मग आई का रुसली?

प्रश्न : आमची डोंबिवलीतली इमारत पुनर्विकासाला जाणार आहे. दोन-तीन वर्षं भाड्याच्या छोट्या घरात काढायची आहेत. वडील ७९ वर्षांचे, आई ७४ची. घरात पन्नास वर्षांचं सामान आहे. पसारा कमी झाला की मन हलकं होतं असं सगळीकडे वाचते, म्हणून दोघं गावी लग्नाला गेले असताना मी अर्धा माळा रिकामा केला. परत आल्यावर आईनं दोन दिवस अबोला धरला. असं उलटं का झालं? आणि उरलेल्या सामानाचं काय करू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मन हलकं झालं, पण तुमचं. पसारा आवरल्यानं बरं वाटतं हे खोटं नाही. मात्र ते बहुतेक वेळा स्वतः आवरणाऱ्याला वाटतं. दुसऱ्यानं आवरलं, तर घरमालकाच्या वाट्याला येते ती फक्त शोधाशोध.

आधी वस्तूच्या किमतीचं कोडं पाहू. १९९० साली डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग वाटले आणि मग ते विकायला सांगितलं. मग हातात असलेल्यांनी मागितलेली किंमत, नसलेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. मग तोच, फरक एवढाच की तो ‘आपला’ झाला होता. घटकाभर जवळ राहिलेल्या मगाची ही कथा, तर लग्नात आलेल्या, नाव घातलेल्या पितळी घागरीची काय असेल? मोडीत घालताना तुम्हाला किलोचा भाव दिसतो आणि आईंना घागर देणारी मावशी दिसते.

दुसरं कारण काळाचं. तुमच्या आईंचा संसार सुरू झाला तो बहुधा १९७२च्या दुष्काळाच्या मागेपुढे. रेशनच्या रांगा, रॉकेलची टंचाई, फोन आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी. त्या दिवसांत श्रीखंडाचा रिकामा डबा टाकणारी सून उधळी ठरे. जुन्या साडीची गोधडी व्हायची, तिच्यातून उरलेल्या कपड्यांवर बोहारणीकडून पातेलं यायचं. तेव्हा हा कंजूषपणा आहे, हा गैरसमज काढून टाका. तो त्या काळचा शहाणपणा होता. काळ बदलला, सवय राहिली.

तिसरं कारण आठवणींचं. म्हाताऱ्या माणसांना आयुष्यातलं सगळं सारखं आठवत नाही. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त दाटीनं येतात, हे मानसशास्त्रात वारंवार दिसलं आहे. माळ्यावरचं सामान नेमकं त्याच वर्षांतलं असतं.

पण अबोल्याचं खरं कारण मला वेगळंच वाटतं. १९७६ साली एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात पाहणी केली. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं, खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, हे रोपटं निवडा आणि त्याची काळजीही तुम्हीच घ्या. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली, पण पाणी घालायला परिचारिका. काही आठवड्यांनी पहिले रहिवासी अधिक उत्साही आणि आनंदी आढळले. पाहणी लहान होती, तिच्यावर फार इमले बांधू नयेत. तरी तिची दिशा तुमच्या घराला लागू पडते. सोसायटीनं घर पाडायचं ठरवलं, बिल्डरनं तारीख ठरवली, भाड्याचं घर तुम्ही शोधलंत. आईंच्या हातात माळा तेवढा उरला होता!

तेव्हा आधी तुम्ही काढलेलं काय काय होतं ते त्यांना खरंखरं सांगा. भंगारवाल्याकडून काही परत मिळण्याजोगं असेल तर आणा. उरलेलं सामान त्यांच्या निर्णयानं जाऊ द्या. ‘हे टाकू का?’ असं विचारलंत की उत्तर ‘नको’ हेच येतं. ‘नव्या घरात एकच फडताळ आहे, त्यात काय ठेवूया?’ असं विचारा. निवड ठेवण्याची असली की चार परातींतली एक त्या आपणहून उचलतील. उरलेल्या तीन कोणत्या भाचीला द्यायच्या, हेही त्यांनाच ठरवू द्या. वस्तू चांगल्या घरी गेली, हे कळलं की सुटायला सोपी जाते. मात्र त्या भाचीला आधी विचारा. तिचाही माळा भरलेला असेल.

सुरुवात फोटो आणि पत्रांपासून करू नका. मार्गारेटा मॅग्नसन या स्वीडिश लेखिकेनं म्हातारपणीच्या आवराआवरीवर लिहिलं आहे आणि तिचाही सल्ला हाच : ते शेवटी, नाहीतर पहिल्या अल्बमपाशीच दिवस संपतो. पहिला हात पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेला लावा. घसरणारी पायपुसणी, वाटेतलं स्टूल, लोंबणारी वायर यांनी रात्री पडण्याचा धोका वाढतो, त्यामुळे इथं वाद कमी होतात. मग मुदत संपलेली औषधं. रोज तासाभरापेक्षा जास्त नको.

वडिलांचे कागद मात्र रद्दीत घालण्याआधी एकेक उलगडून पाहा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि घराचे करार तर पुनर्विकासात लागणारच. जुन्या कंपन्यांचे कागदी शेअर निघाले तरी फेकू नका. एप्रिल २०१९पासून असे शेअर विकता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात, पण ते तेवढ्यानं कवडीमोल होत नाहीत. सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर ते सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे गेलेले असू शकतात. तिथूनही अर्ज करून परत मागता येतात.

शेवटी एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण पुष्कळांच्या मनात असते : हा आजार तर नव्हे? साठवण्याचा विकार असतो. २०१३पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे. पण त्यात झोपायला पलंग आणि स्वयंपाकाला ओटा उरत नाही. भरलेला माळा म्हणजे तो नव्हे. मात्र जन्मभर टापटीप राहिलेल्या माणसाच्या घरात अलीकडेच पसारा वाढू लागला, एकच वस्तू पुन्हा पुन्हा विकत येऊ लागली, बिलं भरायची राहू लागली, तर विसरभोळेपणाकडे लक्ष द्या आणि डॉक्टरांना दाखवा. तुमच्या पत्रावरून तसं काही दिसत नाही. माळ्यावरून नेमकं काय गेलं, हे ज्या आईंनी आल्याआल्या ओळखलं, त्यांची स्मरणशक्ती ठणठणीत असावी.