झिजलेल्या नाण्यांचे वाचन आणि मोल

'गुप्तधन' हा शब्द आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांतून अजूनही दबक्या आवाजात उच्चारला जातो. धानाच्या बांधीत नांगराच्या फाळाला मडके लागले किंवा मामा तलावाचा गाळ काढताना काही वाजले, की लोकांच्या डोळ्यांपुढे मोहरांचा हंडा उभा राहतो. प्रत्यक्षात हाती येतात ती बहुधा हिरवी-काळी पडलेली, मातीने माखलेली, झिजून गुळगुळीत झालेली नाणी. सोने नाही म्हटल्यावर निराशा होते. मग ती चिंचेने घासली जातात, पोरांच्या खेळात जातात, नाही तर मोडीत वजनावर निघतात. अशी नाणी ओळखावी कशी आणि त्यांचे खरे मोल कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय आपल्या भूमीला परका नाही. 1964 पर्यंत आपल्या जिल्ह्याचे नाव चांदा होते. 1982 साली त्यातूनच गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. या जुन्या चांदा जिल्ह्यात सातवाहन राजांची पोटीनची नाणी सापडली. ई. जे. रॅप्सन यांनी ब्रिटिश म्युझियममधील नाण्यांची सूची 1908 साली प्रसिद्ध केली, तिच्यात आपल्या जिल्ह्याचे नाव या नाण्यांशी जोडलेले आहे. पोटीन म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांचा मिश्रधातू. तो दिसायला काळपट, मोडीच्या दृष्टीने कवडीमोल. पण आपल्या विदर्भाचा सातवाहनकालीन इतिहास उजेडात आला तो मोठ्या प्रमाणात याच कवडीमोल धातूमुळे.

त्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे तऱ्हाळा. हे गाव त्या वेळच्या अकोला जिल्ह्यात होते, आज ते वाशिम जिल्ह्यात आहे. तेथे 1939 साली सुमारे 1600 पोटीन नाण्यांचा साठा सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास करून तो विद्वानांपुढे मांडला. त्या साठ्यात सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ, विजय यांच्या नाण्यांबरोबर कुंभ, कर्ण आणि शक या सातकर्णींचीही नाणी निघाली. पुराणांनी दिलेल्या राजांच्या यादीत ही तीन नावे नाहीत. म्हणजे ज्या राजांना पुराणे विसरली, त्यांची आठवण त्या झिजलेल्या तुकड्यांनी ठेवली. तो साठा मोडीत गेला असता तर हे राजे आपल्याला भेटले असते काय?

आता ओळखण्याकडे वळू. युरोपात रोमन साम्राज्याची अशीच न धुतलेली नाणी ढिगाने विकली जातात. तेथील अभ्यासकाला एक सोय असते. रोमन नाण्यावर बहुधा सम्राटाचे मस्तक असते. अक्षरे पार गेली तरी डोक्यावर पानांची माळ आहे की किरणांचा मुकुट, हनुवटीवर दाढी आहे की नाही, एवढ्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. आपल्या पोटीन नाण्यांवर मात्र राजाचे मुख नाही. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला 'उज्जैन चिन्ह', म्हणजे अधिकच्या चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळे. राजा बदलला तरी हत्ती तोच राहिला. म्हणून हत्ती आपल्याला घराणे सांगतो. राजा सांगतात ती फक्त अक्षरे.

तेव्हा क्रम असा ठेवावा. प्रथम ढिगातील नाणी वेगळी करावीत. इंग्रजी अक्षरे असलेली ब्रिटिश अमदानीतील नाणी लगेच ओळखू येतात. फारसी अक्षरांची जाड नाणी मुसलमानी सत्तांची किंवा नागपूरकर भोसल्यांच्या काळातील असू शकतात, कारण भोसल्यांचे रुपयेही मोगल बादशहाच्या नावाने पडत. उरलेल्या काळपट गोल नाण्यांवर हत्तीची पाठ, सोंड किंवा चार वर्तुळांपैकी एखादे तरी दिसते का ते पाहावे. समोरून उजेड घेऊ नये. खोलीत अंधार करून दिव्याचा प्रकाश एका कडेने, नाण्याला जवळजवळ चाटून जाईल असा पाडावा. सपाट वाटणाऱ्या पृष्ठावर मग सावल्या उमटतात आणि हत्ती उभा राहतो.

त्यानंतर अक्षरे. लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. मजकूर साधारणपणे 'रञो सिरि सातकणिस' अशा धर्तीचा, म्हणजे 'राजा श्री सातकर्णीचे'. ब्राह्मी 'क' हा अधिकच्या चिन्हासारखा असल्याने तो नवख्यालाही सापडतो. पण 'सातकणि' एवढेच वाचून काम भागत नाही, कारण ते बहुतेकांच्या नावात आहे. खरी गोम 'सिरि'च्या पुढे असते. तेथे 'यञ' आले तर यज्ञ सातकर्णी, 'विजय' आले तर विजय सातकर्णी, 'पुळुमावि' आले तर पुळुमावी. नेमकी हीच अक्षरे पुष्कळदा नाण्याबाहेर पडलेली असतात. छाप मोठा आणि धातूचा तुकडा लहान, त्यामुळे एका नाण्यावर सगळा मजकूर क्वचितच मावतो.

येथेच या विषयाचे मर्म आहे. एका नाण्यावर 'रञो सिरि' उरते, दुसऱ्यावर 'सिरि य', तिसऱ्यावर 'ञ सात'. तिन्ही शेजारी ठेवली की ओळ पुरी होते. एकेकटी ठेवली तर तिन्ही मुकी. साठ्यातील नाणी एकमेकांची दुभाषी असतात. म्हणून साठा वाटून घेणे म्हणजे एका पोथीची पाने घराघरांत वाटून टाकण्यासारखे आहे.

स्वच्छ करण्याच्या बाबतीत आपल्या आयाबहिणींची पितळेची भांडी घासण्याची रीत नाण्यांना लावू नये. चिंच, लिंबू, राख, वाळू यांनी मळाबरोबर अक्षरही जाते. फार तर मऊ कुंचल्याने सुटी माती झटकावी आणि नाणे कोरड्या कागदात गुंडाळून ठेवावे. पोपटी रंगाची भुकटी सुटत असेल तर तो तांब्याला लागलेला रोग समजावा. ते नाणे इतरांपासून वेगळे ठेवावे. पुढचे काम जाणकारांचे आहे.

मोलाचा हिशेब तीन प्रकारे होतो. पहिले मोल धातूचे; पोटीनच्या बाबतीत ते नगण्य. दुसरे बाजाराचे, ते संग्राहकाच्या हौसेवर, नाण्याच्या दुर्मीळतेवर आणि अक्षरे किती शाबूत आहेत यावर ठरते, त्यामुळे झिजलेल्या नाण्याला तेथेही फारसा मान नाही. तिसरे मोल माहितीचे, आणि ते नाण्यात कमी व जागेत अधिक असते. कोणत्या गावी, कोणत्या शेतात, किती खोलीवर, मडक्यात की सुटे, सोबत काय निघाले, हे नोंदले असेल तर अगदी गुळगुळीत नाणेही साक्ष देते. ही नोंद नसेल तर उत्तम नाणेही अनाथ ठरते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविले पाहिजे. लपविणे हा गुन्हा आहे. ठेवा बेवारस ठरला आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा व एक चतुर्थांश जागामालकाचा. मात्र सरकारने तो घ्यावयाचे ठरविले तर द्रव्याची किंमत आणि तिच्यावर एक पंचमांश एवढीच रक्कम मिळते. सोन्याच्या बाबतीत ही रक्कम मोठी असेल. पोटीनच्या बाबतीत मजुराच्या हाती काय पडणार, हे सांगावयास नको. ज्या धातूने राजांची हरवलेली नावे परत दिली, त्याचा भाव कायदाही मोडीच्याच काट्यावर करतो. गरीब माणूस तहसील कचेरीची पायरी का चढत नाही, याचे एक उत्तर येथे आहे. त्याला नुसता दोष देऊन भागणार नाही. शोधणाऱ्याला योग्य मोबदला आणि नोंदीत त्याचे नाव, एवढे तरी मिळावयास हवे.

आपल्यापैकी अनेकजण शेतकऱ्या-मजुरांच्या घरांतून प्रथमच महाविद्यालयात आलेले आहोत. नांगर कोठे अडला आणि तलावात काय निघाले, ही बातमी नागपूरच्या संग्रहालयाआधी आपल्या ओसरीवर पोचते. म्हणून ब्राह्मीची अक्षरे आपल्याला आली पाहिजेत. सुटीत गावी जाल तेव्हा वहीत गावाचे नाव, शेताचा गट क्रमांक, तारीख आणि नाण्यांची संख्या एवढे तरी लिहून घ्या, साठा फोडू देऊ नका, आणि कळविण्याचा अर्ज सापडणाऱ्याच्या नावाने लिहून द्या. दहा ओळींचा तो अर्ज लिहिता येणे हाही शिक्षणाचाच उपयोग आहे.