विश्व जीवनासाठीच जुळवलेले आहे का?



कॉलेजात जाणारी आपली मुले विचारतात, "विज्ञानाने देव सिद्ध होतो का?" उत्तर देण्यापूर्वी विज्ञान नेमके काय सांगते, ते पाहू.

आपल्या शरीरात, भाताच्या लोंबीत, आंब्याच्या पानात कार्बन आहे. तो ताऱ्यांच्या पोटात तयार होतो. हेलियमची तीन अणुकेंद्रे एकत्र आली की कार्बनचे एक केंद्र बनते. पण ही गाठ पडणे फार अवघड. १९५३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी सांगितले, की कार्बनच्या केंद्राला एक ठराविक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर विश्वात एवढा कार्बन दिसला नसता. कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत शोध घेतला आणि ती पातळी सापडली. गुरुत्वाकर्षण व अणूतील बले यांची मूल्ये बरीच वेगळी असती, तर आपल्या ओळखीचे जीवन शक्य झाले नसते, असे अनेक शास्त्रज्ञ म्हणतात. यालाच विश्वाची 'सूक्ष्म जुळणी' म्हणतात.

ही जुळणी किती काटेकोर आहे, यावर मात्र एकमत नाही. १९८९ मधील एका अभ्यासात दिसले, की कार्बनची ती पातळी थोडी सरकली तरी कार्बन तयार होतोच. काही शास्त्रज्ञ म्हणतात, विश्वे असंख्य असतील आणि त्यांपैकी जगण्याजोग्या विश्वात आपण आहोत, एवढेच. त्यालाही अजून पुरावा नाही.

हॉइल यांचे शिष्य म्हणजे कोल्हापूरला जन्मलेले आपले डॉ. जयंत नारळीकर. पुण्याची 'आयुका' संस्था १९८८ साली त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. महास्फोटातून विश्व सुरू झाले, हे त्यांनी २०२५ मध्ये निधन होईपर्यंत मान्य केले नाही. उलट, त्या सिद्धांताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते! १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या सिद्धांताचा संबंध निर्मितीच्या श्रद्धेशी जोडला, तेव्हा फादर लमेत्र यांना ते रुचले नाही. त्यांचे म्हणणे असे, की विज्ञानाचा सिद्धांत उद्या बदलू शकतो. त्यावर श्रद्धेचा पाया घालू नये. सृष्टीवरून निर्मात्याची ओळख पटू शकते, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. पण ओळख पटणे वेगळे आणि प्रयोगशाळेतला पुरावा वेगळा.

आता आपल्या महाड-पोलादपूरकरांचा प्रश्न. विश्व जीवनासाठी एवढे जुळलेले असेल, तर २००५ साली दासगाव, जुईवर दरडी का कोसळल्या? २२ जुलै २०२१ रोजी तळियेत ऐंशीहून अधिक माणसे का गेली? सूक्ष्म जुळणीचा अर्थ जीवन शक्य आहे एवढाच. प्रत्येक जागा सुरक्षित आहे असा नव्हे. ज्या गुरुत्वाकर्षणाने तारे बांधले जातात, तेच पावसाने भिजून जड झालेला डोंगर खाली ओढते. ही देवाची शिक्षा होती, असे कोणी म्हणाले तर लूककृत शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडावा. शिलोहचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभू येशूने स्पष्ट सांगितले आहे.

म्हणून तळियेच्या आईला सूक्ष्म जुळणीचे गणित सांगून सांत्वन होणार नाही. तिच्याजवळ बसावे लागते. आणि निसर्गाचे नियम ठाऊक असणे हेही प्रेमाचेच काम आहे. डोंगराला भेग दिसली, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, झाडे कलली, तर शेजाऱ्याला हाक मारून वेळेत घर सोडणे, म्हणजे देवाने दिलेली बुद्धी वापरणे होय. देवाने माणसाला बागेत ठेवले ते मशागत आणि राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आहे.

कुटुंबात चर्चेसाठी :
१. विज्ञानाचा एखादा सिद्धांत बदलला, तर माझ्या श्रद्धेला धक्का बसेल का? का?
२. पावसाळ्यात आपल्या वाडीत डोंगराखाली कोण राहते? गरज पडली तर रात्री त्यांना आपल्या घरी जागा आहे का?