चाकांवरील राहुटी

विदर्भाच्या खेड्यापाड्यांत ज्यांचें बालपण गेलें आहे, त्या वडीलधाऱ्या मंडळींस दमणी म्हणजे काय हें सांगावयास नको. वर कमानदार छत, खालीं कडब्यावर अंथरलेली सतरंजी आणि पुढें चपळ बैलांची जोडी, अशा त्या हलक्या गाडींतून मंडळी लग्नकार्यास व यात्रेस जात. वाटेंत रात्र पडली कीं ओढ्याकांठीं बैल सोडावे, तीन दगडांची चूल मांडावी आणि गाडींतच पाठ टेकावी. अलीकडे मोटारीच्या मागें जोडून आडरानांत नेण्याजोगी व तेथेंच मुक्काम करण्याजोगी जोडगाडी, म्हणजे ट्रेलर, कांहीं हौशी लोक स्वतः आंखून बांधवून घेतात. ती पाहिली म्हणजे आम्हांस दमणीची नातच वाटते. बैल गेले व मोटार आली. लाकूड गेलें व पोलाद आलें. परंतु वजनाचा जो नियम गांवचा सुतार पाळीत असे, तो बदलला नाहीं. ही गाडी कशी बांधावी याचा विचार करतां करतां पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील तरफेचा धडा कसा जिवंत होतो, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम जमीन पाहूं. नागपूर शहर दोन प्रकारच्या भूमींच्या सीमेवर वसलेलें आहे. पश्चिमेस ज्वालामुखीच्या रसापासून झालेला काळा पाषाण व त्यावरील कापसाची काळी माती. पूर्वेस, आणि उत्तरेस पेंचच्या बाजूस, त्याहूनहि पुरातन खडक व बहुधा तांबूस, रेताड माती. १८४५ सालीं नागपुरास आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं आपल्या फिरतींत येथील खडकांचा व जीवाश्मांचा अभ्यास केला. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. गाडी बांधणाऱ्यास या भूमिभेदाचें महत्त्व मोठें आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते व चाकास लिंपून बसते. उन्हाळ्यांत तिलाच खोल भेगा पडतात. ज्यास या भूमीवर फिरावयाचें आहे, त्यानें चाकाचा विचार आधीं व गादीचा मागाहून करावा.

बैलगाडीचें चाक माणसाच्या कमरेच्याहि वर पोहोंचत असे, तें उगीच नव्हे. मोठें चाक दगडावरून सहज चढतें. लहान चाक त्याच दगडास अडतें. या चाकावर लोखंडी धाव बसविण्याची रीतहि शिकण्यासारखी आहे. धाव चाकाहून किंचित् आंखूड करून ती गोवऱ्यांच्या जाळांत तापवितात. परिघ ४ मीटर असेल व उष्णता ५०० अंशांनीं वाढली, तर धाव सुमारें २४ मिलिमीटरनें लांबते. तशीच ती चाकावर चढवून वर पाणी ओततात; ती आकसते आणि आरे व पुठ्ठे घट्ट आवळून धरते.

आज धावेच्या जागीं हवा भरलेला रबरी टायर आहे. एका चाकावर २७० किलोग्रॅम भार असून हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास २ किलोग्रॅम असेल, तर सुमारें १३५ चौरस सेंटिमीटर रबर भूमीस टेकतें. दाब निम्मा केला कीं तें क्षेत्र दुप्पट होतें व चाक मऊ मातींत कमी रुततें. मात्र पक्क्या सडकेवर येतांच हवा पुन्हां पुरती भरावी. नाहीं तर टायर तापून फुटतो.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यानें जीपच्या मागें लावण्यासाठीं पाव टनी जोडगाडी तयार केली. तिचीं चाकें जीपच्याच मापाचीं असल्यामुळें एकच जादा चाक दोन्ही गाड्यांस चाले, आणि जीपनें पाडलेल्या चाकोरींतूनच तीं मागून येत. ही गाडी सडकेवर १००० पौंड वाहत असे. आडवाटेस तिच्यावर ५०० पौंडच घालीत. ज्यास रानांत जावयाचें आहे त्यानें निम्म्या ओझ्यावर संतुष्ट असावें, हा धडा तिनें घालून दिला आहे.

आतां मुख्य गोष्ट, तोलाची. गाडीवान गाडी भरतांना आंसाच्या मागें फार ओझें जाऊं देत नाहीं. मागें भार झाला कीं गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें आणि गळ्याखालील पट्ट्यानें बैलाचा श्वास कोंडतो. पुढें फार भार झाला कीं जूं रुतून खांदे सुजतात. बैल आपलें दुःख दाखवितो. मोटार तें दाखवीत नाहीं, एवढाच भेद.

याची प्रचीति पाहण्यासाठीं सुतारकामाच्या तासाला आम्ही दीड हात लांबीची नमुन्याची जोडगाडी केली व ती एका चार चाकी फळीस खिळ्यानें जोडली. आंसाच्या थोडी पुढें वीट ठेवून ती उतारावरून सोडली, तेव्हां ती सरळ खालीं आली. तीच वीट मागें सरकवितांच अर्ध्या उतारावर मागची गाडी झोकांड्या खाऊं लागली. प्रत्येक झोकांडी आधींच्या झोकांडीहून मोठी! शेवटीं दोन्ही गाड्या उलटल्या व वीट एका सोबत्याच्या पायाशीं येऊन पडली. वर्गांत हंशा पिकला. परंतु त्या फळीच्या जागीं मोटार आहे व मोटारींत आपली आई व भावंडें बसलीं आहेत, असें मनांत येतांच तो थांबला.

हेंच आंकड्यांनीं पाहूं. सामानासुद्धां गाडीचें वजन ६०० किलोग्रॅम, आणि जोडणीपासून आंसापर्यंतचें अंतर ३ मीटर धरा. गुरुत्वमध्य आंसापुढें ३० सेंटिमीटर असेल, तर जोडणीवरील भार ६०० × ०.३ ÷ ३, म्हणजे ६० किलोग्रॅम होतो. हा एकूण वजनाचा दहावा हिस्सा होय, व साधारणतः तेवढाच इष्ट मानतात; मात्र मोटारीच्या आंकड्यास तो सोसला पाहिजे. या वजनांत चार माणसांचें तीन दिवसांचें १०० लिटर पाणी, म्हणजे १०० किलोग्रॅम, आलेलें आहे असें समजा. टांकी बरोबर आंसावर असेल, तर ती भरलेली असो वा रिकामी, जोडणीवरील भार बदलत नाहीं. तीच टांकी १ मीटर मागें बसविली, तर ६० मधून ३३ जाऊन २७ किलोग्रॅमच उरतात, आणि आमच्या विटेची कथा सडकेवर घडूं शकते. म्हणून पाणी आंसावर, विजेची बॅटरी व हत्यारें आंसाच्या किंचित् पुढें, अंथरुणें व कपडे टोंकास व वर, हा क्रम मोडूं नये.

आंतील सोयींविषयीं थोडक्यांत सांगतों. टांकींत आडवे पडदे ठेवावे, म्हणजे पाणी हेंदकाळत नाहीं. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. म्हणून त्याची टांकी झोंपण्याच्या जागेपासून वेगळ्या कप्प्यांत ठेवून त्या कप्प्याच्या तळाशीं भोंकें पाडावीं. १२ व्होल्ट व १०० अँपिअर-तासांच्या बॅटरींत १२०० वॅट-तास वीज मावते. शिशाची बॅटरी टिकावी म्हणून तींतील निम्मीच वापरावी. १० वॅटचा दिवा ५ तास व २५ वॅटचा पंखा ८ तास चालविल्यास रोज २५० वॅट-तास लागतात, म्हणजे दोन रात्री निभावतात. नागपूरचा पारा ४७ अंशांवर गेलेला आहे, हें ध्यानांत ठेवून छत दुहेरी करावें व मध्यें हवा खेळूं द्यावी. जुन्या काळचे फिरतीवरील अधिकारी दुहेरी छताचे तंबू वापरीत, तें याच कारणास्तव.

बांधणीपूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत अशा गाडीची स्वतंत्र व्याख्या असून नोंदणीवांचून ती सार्वजनिक रस्त्यावर आणतां येत नाहीं. मागचे दिवे, ब्रेक आणि जोडणी तुटल्यास गाडी धरून ठेवणारी सांखळी यांत काटकसर करूं नये. अरण्यांत मुक्काम करावयाचा तर वनखात्याची अनुमति घ्यावी.

शेवटीं एक गोष्ट. ज्या हिस्लॉपसाहेबांनीं या भूमीचा कण न् कण पारखला, तेच ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटचे पुरातन अवशेष पाहून रात्रीं घोड्यावरून परततांना, बोरीजवळ पावसानें फुगलेल्या ओढ्यांत बुडाले. भूमीचें ज्ञान त्यांच्याइतकें त्या वेळीं कोणास होतें? तरीहि पाण्यानें त्यांची गय केली नाहीं. मोठीं चाकें व बळकट सांगाडा हीं ओढ्याशीं झुंजण्यासाठीं नसतात. ओढा उतरेपर्यंत अलीकडच्या कांठावर सुखानें थांबतां यावें, म्हणून गाडींत पाणी, शिधा व अंथरूण असतें. विद्यार्थिमित्रांनो, थांबतां येणें हीच या चाकांवरील राहुटीची खरी सोय होय. बैल सोडून चूल पेटविणाऱ्या आपल्या आजोबांस ती पुरती ठाऊक होती.